पेपरातून पडलेले पत्रक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी दुकान उघडून पेपर झटकला तर आतून एक गुळगुळीत पत्रक खाली पडले. 'लिव्हर सिरॉसिस? ऑपरेशन नको, दाता नको! तुमच्याच स्टेम सेल्स लिव्हर नवे करतील.' सिरॉसिस म्हणजे जखमा भरून लिव्हर कठीण होणे; स्टेम सेल्स म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी. खाली म्हापशातल्या एका हॉटेलात मोफत शिबिर आणि मोबाइल नंबर. पत्रक आपण छापत नाही, ते खाली कुठेतरी घडीत सरकवले जाते, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या डिचोलीत पेपरातून आलेल्या कागदाला अजून वजन आहे. दुपारपर्यंत दोघे जण तो कागद घेऊन माझ्या फार्मसीत विचारायला आले.

दोन वर्षांपूर्वी असाच एक कागद माझ्या भावोजींच्या हाती पडला होता. ते परराज्यातल्या एका क्लिनिकात गेले. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचे (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे) कार्ड तिथे चालत नव्हते, म्हणून सत्तरीतली काजूची बाग गहाण टाकून साडेतीन लाख रोख भरले. कमरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो) काढला, मशीनवर फिरवला आणि त्याच दुपारी जांघेतून नळी घालून लिव्हरकडे सोडला. दुसऱ्या दिवशी घरी. पावती मी पाहिली आहे. 'सेल प्रोसेसिंग चार्जेस' एवढेच. बॅच नंबर नाही, किती पेशी दिल्या त्याचा आकडा नाही. मी विकतो त्या पॅरासिटामोलच्या पट्टीवर बॅच आणि एक्स्पायरी नसेल तर ड्रग इन्स्पेक्टर मला दुकानातच धारेवर धरील.

दोन महिन्यांनी बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा रक्तातला आकडा) ३.८ वरून २.६ वर आले, पायांची सूज उतरली. क्लिनिकचा माणूस घरी येऊन भावोजींचा व्हिडिओ करून गेला. मागे तुळशीवृंदावन, भावोजी इस्त्रीच्या शर्टात. ताईने त्या माणसाला जेवू घालूनच सोडले.

आता त्या व्हिडिओत नसलेले सांगतो. क्लिनिकची पहिली अट होती, दारू बंद. मार्च लागला की हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) आणि उरलेले वर्ष फेणी, असा पंचवीस वर्षांचा नेम त्यांनी त्या दिवशी मोडला. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून (गोमेकॉ) लिहून दिलेल्या, अंगातले जादा पाणी काढणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळ्या चालूच होत्या, मीच देत होतो. मिठाला ताईने घरात बंदी केली होती. दारूने बिघडलेले लिव्हर दारू सुटली की काही महिन्यांत बरेच सावरू शकते, हे गोमेकॉतल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. पण फुकट मिळालेल्या सल्ल्याचा व्हिडिओ कोण काढणार?

पेशी न दिलेल्या रुग्णांशी तुलना करायची ती यासाठीच. ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्या ८१ रुग्णांचे तीन गट करून ती केली गेली, २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला मगजातल्या पेशी रक्तात उतरवणारे इंजेक्शन, तिसऱ्याला ते इंजेक्शन आणि वर स्वतःच्याच स्टेम सेल्स. तीन महिन्यांनी लिव्हरच्या कामात फरक दिसला नाही. उलट गंभीर त्रास उपचार घेतलेल्या गटांत जास्त झाले. एडिनबरोत रक्तातल्या पेशींपासून मॅक्रोफेज (शरीरातली मोडतोड साफ करणाऱ्या पेशी) बनवून देण्याचे काम चालू आहे, ते मी आशेने वाचतो. पण तोही अजून प्रयोगच. वर्षानुवर्षे जखमा भरून लिव्हरचा कातळ झालेला असतो. कातळावर बी टाकून बाग होत नाही हे सत्तरीच्या बागायतदाराला मी सांगावे, हेच नवल.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधताना भावोजींना रक्ताची उलटी झाली. तांब्याभर असेल. १०८ ने बांबोळीला नेले, रात्रीच एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड घातले. सिरॉसिस जागचा हलला नव्हता. क्लिनिकला फोन केला तर म्हणाले, दुसरा डोस राहिलाय, म्हणून असे झाले. दुसऱ्या डोसाला अडीच लाख.

आयसीएमआरची (देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठीचे मगज प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेल्स फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच द्यायच्या, आणि त्यात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. ट्रायल असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिचा नंबर असतो, मोबाइलवर कोणालाही बघता येतो. आम्हा फार्मसीवाल्यांना तर औषध नियमांतले शेड्यूल जे पाठच असते: कोणत्या आजारांवर 'हमखास बरा करतो' असा दावा औषधाने करायचा नाही, त्याची यादी. कावीळ आणि लिव्हरचे विकार त्या यादीत आहेत.

आपल्याकडे मागणी दोनच. पेपर वाटणाऱ्या एजंटांना असली पत्रके घालू नका असे कळवावे. आणि म्हापशातल्या त्या शिबिराला आपला एखादा वार्ताहर रुग्णाचा नातेवाईक म्हणून पाठवावा. त्याने तिथे सीटीआरआयचा नंबर तेवढा मागावा.

भावोजी आता प्रत्यारोपणाच्या यादीसाठी तपासण्या करून घेत आहेत. भाच्याने लिव्हरचा भाग द्यायची तयारी दाखवली आहे, ताई अजून हो म्हणत नाही. बाग सुटलेली नाही. त्यांच्या परवानगीने सगळी फाइल, पावतीसकट, मी दुकानात ठेवली आहे. पत्रक घेऊन फोन करण्याआधी कोणाला बघायची असेल तर यावे. दुपारी एक ते साडेतीन बंद असते.

– एक फार्मसीवाला, डिचोली