‘सर्व्हर डाउन’मागचे कारण शोधा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुण्यातील एका सेवा केंद्रात दाखल्यांसाठी आलेल्या ज्येष्ठ नागरिकांना ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असे सांगून परत पाठवले जाताना नुकतेच पाहिले आणि वाईट वाटले. दूरच्या डेटाबेसशी जोडणी होत नाही, एवढेच या उत्तरातून कळते. दोष नेमका कोठे आहे याचा माग मात्र पडद्यावरील संदेशातूनच बहुतेक वेळा लागतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे आल्यास पलीकडचे यंत्र सहसा चालू असते, पण त्या पोर्टवर (जोडणीसाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर) डेटाबेस सेवा सुरू नसते. ‘टाइम्ड आउट’ आल्यास विनंती मधल्या फायरवॉलमध्ये (नको असलेल्या जोडण्या अडवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेत) किंवा नेटवर्कमध्ये अडल्याची शक्यता अधिक असते. आणि पासवर्ड नाकारला गेला असेल, तर सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी असल्याचे सिद्धच झालेले असते. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या मूळ मांडणीत केवळ सर्व्हरच्याच यंत्रावरून आलेल्या जोडण्या स्वीकारल्या जातात आणि एका वेळी साधारण १०० जोडण्यांची मर्यादा असते; सकाळच्या गर्दीत ती संपली, तर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्याने तात्पुरताच दिलासा मिळतो. घाईघाईने पोस्टग्रेसक्यूएलचे ५४३२ हे पोर्ट साऱ्या जगाला खुले करणे तर धोक्याचेच.

केंद्रचालकांनी संदेश जसाच्या तसा, वेळेसह टिपून तांत्रिक कक्षाकडे पाठवावा आणि तोपर्यंत कागदी अर्ज स्वीकारून नागरिकांना पोच द्यावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे