भौतिकशास्त्राच्या तासाला मुलांना आपसात वाद घालू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत गुणवंतांचे फलक झळकतात. मुलांच्या कष्टांचं कौतुक आहेच. पण अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना एक गोष्ट सतत खटकते. सूत्रात आकडे घालून झटपट पर्याय निवडणारी मुलं साध्या प्रश्नाला अडतात. सरळ वर फेकलेल्या चेंडूचं सर्वांत वरच्या बिंदूला त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? बरेच हात ‘शून्य’साठी वर होतात. शून्य होतो तो वेग. गुरुत्व त्वरण तिथंही कायम असतं.

हा गैरसमज फळ्यावर पुन्हा समजावून जात नाही. चौघाचौघांचे गट करून वाद घालू दिला की जातो. शंभर आणि चाळीस वॅटचे जुने फिलामेंटचे बल्ब एकसर, म्हणजे एकापुढं एक, जोडले तर जास्त उजेड कुणाचा? आधी प्रत्येकानं आपलं उत्तर वहीत लिहायचं, नाहीतर हुशार पोराचंच सगळे उचलतात. मग चर्चा. “शंभरचाच की!” “अरे, पण दोन्हींतून करंट एकच जातोय ना? मग रोध कुणाचा जास्त?” एवढ्यावर गट विचारात पडतो. शेवटी शिक्षकानं स्वतः बटण दाबायचं: रोध जास्त असलेला चाळीसचा लख्ख पेटतो, शंभरचा जेमतेम तांबूस होतो. हे मुलं विसरत नाहीत.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून असंच शिकवत आले. अमेरिकेतलेच भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या. चर्चा आणि कृतीतून शिकलेल्या वर्गांची संकल्पनांमधली प्रगती नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांच्या सरासरी दुप्पट निघाली. आपल्याकडं तर आणखी एक कारण आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेलं पोर अकरावीच्या इंग्रजी पुस्तकापुढं गप्प होतं. गटात ते आपल्या बोलीत बोलतं, आणि नेमकं कुठं अडलंय ते तेव्हाच कळतं. मुलींना मात्र आवर्जून बोलतं करावं लागतं.

शंभरावर मुलांच्या वर्गात हे कसं जमणार, असं सहकारी विचारतात. पुढच्या बाकावरच्यांनी मागं वळून बसायचं, एवढंच. अभ्यासक्रम मागं पडतो ही भीती मात्र खरी आहे. म्हणून प्राचार्य आणि संस्थाचालकांना विनंती, की सुरुवात प्रात्यक्षिकाच्या बॅचपासून करावी. तिथं मुलं मोजकी असतात, आणि तो वेळ आज बहुतेक एकमेकांच्या वह्या उतरवण्यात जातो. त्यातली पंधरा मिनिटं अशा एका प्रश्नाला द्यावीत, आणि त्यासाठी शिक्षकाला ‘पोर्शन किती झाला’ म्हणून धारेवर धरू नये.

आपला,
एक भौतिकशास्त्र शिक्षक, लातूर