रेषेबाहेरचा ठिपका खोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी नात नववीत आहे, तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं, स्कॅटर प्लॉट म्हणजे ठिपक्यांचा आलेख काढायचा, विषय आपला आपण निवडायचा. तिने आपल्या बडोद्याची विश्वामित्री नदी घेतली. पावसाळ्यातली तुमच्या पेपरातली कात्रणं काढली, आडव्या अक्षावर शहरातला त्या दिवशीचा पाऊस आणि उभ्यावर काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी, आणि आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत ठिपके देत बसलो. बरेचसे ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेले, पाऊस जास्त तशी नदी वर. तीन मात्र भलतीकडेच. त्यातला एक आमचाच घोटाळा, 16 च्या जागी 61 वाचलं होतं, तो लगेच सुधारला. राहिलेले दोन डाव्या बाजूला पार वर, पाऊस जेमतेम आणि पातळी धोक्याच्या 26 फुटांजवळ. ते आकडे दोनदा ताडून बघितले, बरोबर होते.

शाळेत टीचरनी ते दोन्ही लाल पेनने खोडले, रीडिंग चुकलंय म्हणून. पोरगी रडवेली होऊन घरी आली.

अहो पण विश्वामित्री येते पावागडाकडून, वरचा पाऊस आणि आजवा तलावातून सोडलेलं पाणी शहरातल्या पावसाच्या आकड्यात कुठून दिसणार? ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्याकडे समा भागात पाऊस ओसरला तरी पाणी जिन्याची एकेक पायरी चढत होतं, ते आम्ही कठड्यावरून बघत होतो. म्हणजे जे दिवस माणसाला गाफील पकडतात नेमके तेच या दोन ठिपक्यांत आहेत, आणि तेच खोडायचे?

फ्रान्सिस अॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने 1973 साली चार आलेख दिले होते, प्रत्येकात 11 ठिपके, चारही ठिकाणी सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने चढतात-उतरतात त्याचा आकडा, 0.816 च्या आसपास, पण चित्रं चार तऱ्हेची. एकात तर दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत आणि अकरावा लांब कोपऱ्यात, सगळा चढ त्या एकट्याच्या जोरावर. तो काढला की संबंधच उरत नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही, आधी ठिपके बघायचे, आणि बाजूला पडलेला ठेवून एकदा, काढून एकदा असं दोन्ही करून बघायचं.

तुम्हालाही एक विनंती, ठिपके वर गेले की बातमीत लगेच 'यामुळे' लिहू नका. पुराच्या दिवसांत नदीतली मगर वस्तीत शिरल्याचे फोन वाढतात आणि लाइट गेल्याच्या तक्रारीही वाढतात, आलेख काढला तर दोन्ही बरोबर चढतील, पण मगरीने काही तारा तोडलेल्या नसतात, दोन्हीच्या मागे पाणीच असतं.

नातीने ते दोन ठिपके हिरव्या पेनने परत काढलेत. आता तिला त्यांच्या शेजारी त्या दिवसांची आजव्याची पातळी लिहायचीय, पण आमच्याकडच्या कात्रणांत ती नाही. पावसाच्या आकड्याशेजारी तीही रोज छापाल का, निदान पावसाळाभर?

आपला,
एक नियमित वाचक, समा, बडोदा