बरणीतल्या आस्कंदाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर हे बोलणं होईना. बाबा स्पीकर लावतात, आई मागून 'आधी टीव्ही बंद करा' म्हणते आणि माझं निम्मं तिथेच राहतं. म्हणून लिहितेय.

गणपतीत आले तेव्हा ओट्यावर कॉफीच्या जुन्या बरणीत अश्वगंधा, म्हणजे आपला आस्कंद, दिसली. झाकण उघडलं आणि नाकात तबेलाच शिरला. नाव का पडलं ते पटलं. बाबा, तुम्ही मोठा चमचा शिगोशीग भरून, वर बोटाने दाबून दुधात घालत होता. तोच चमचा मी आईच्या केकच्या काट्यावर तोलला. 11 ग्रॅम! असे दिवसातून दोन. चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम, तीही वैद्याने प्रकृती बघून ठरवायची.

मी आस्कंदाच्या विरोधात नाही. आजी दुधात उकळून द्यायचीच की. झोप आणि ताणावर अभ्यासही झालेत, काहींना फरक पडलाय. पण ते बहुतेक दोन-तीन महिन्यांच्या आतले. तुमची बरणी दिवाळीपासून चालू आहे.

माझा जीव अडकलाय तो आईच्या गोळीत. आई, तू पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतेस. अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं, म्हणजे गोळीचा डोस आपोआप जास्त झाल्यासारखं. परवा 'छातीत धडधडतं' म्हणालीस ते चूर्णानेच, असं मी म्हणत नाही. पण आजपासून तुझं बंद, आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घे. डॉक्टरांना चूर्णाचं सांग हं, 'ते काय औषध आहे का' म्हणून गाळू नकोस.

बाबा, तुमच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी जे खाली येतं, ते याने आणखी खाली येऊ शकतं. वर रात्रीची झोपेची अर्धी गोळी. रात्री बाथरूमला उठताना भिंत धरता, ते मी पाहिलंय. डॉक्टरांना विचारेपर्यंत तुम्हीही थांबा. गोळ्या मात्र आपल्या मनाने सोडू नका. अश्वगंधेने क्वचित यकृतालाही त्रास झालेला आहे. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अंगाला खाज सुटली तर माझ्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आणि ती पुडी. काष्ठौषधीच्या दुकानातून सुटी आणलेली, वर ना नाव ना तारीख. पानं वापरू नका, असं आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना कळवलं होतं. दळलेल्या भुकटीत मूळ किती नि पान किती, कसं ओळखणार? पुन्हा घ्यायचं ठरलंच तर अख्खी मुळं आणू, मी मिक्सरवर करून देईन.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. तोवर बरणी वरच्या फळीवर. आणि बाबा, आईच्या दुधात गुपचूप घालायचं नाही. वास लपत नाही.

तुमची,
ताई