डॉपलर करणाऱ्या डॉक्टर मॅडमना जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

माझ्या मुलीच्या डाव्या पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरांतले रक्त कसे वाहते ते दाखवणारी तपासणी) आपण केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण तिच्यासारखा क्लिपेल-ट्रेनॉने सिंड्रोम हा शिरांचा जन्मजात दोष असलेल्या मुलांना ‘व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या शिरा) आहेत, काढून टाकू’ असे सांगितले गेले असेल, तर त्यांच्या पालकांनीही ते वाचावे.

आम्ही आपल्याकडे आलो तेव्हा शस्त्रक्रिया ठरल्यात जमा होती आणि डॉपलर केवळ औपचारिकता म्हणून उरकायचा होता. आपण मात्र तिला आधी उभे केलेत, मांडीच्या बाहेरच्या अंगावरचा जांभळट डाग पाहिलात, दोन्ही पाय टेपने मोजलेत आणि डावा पाय लांब भरल्यावर ‘हे कधीपासून आहे?’ असे विचारलेत. जन्मापासून, असे मी सांगताच आपण पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलेत.

मोठ्या माणसांच्या व्हेरिकोज व्हेन्समध्ये शीर मुळात नीट घडलेली असते. वय, बाळंतपणे, घराण्यातला कल किंवा वर्षानुवर्षे उभ्याने केलेले काम यांमुळे तिच्या झडपा नीट मिटेनाशा होतात, रक्त खाली साचते आणि शीर फुगते, आणि ती बहुधा पायाच्या आतल्या अंगाने दिसते, हे आपण पडदा आमच्याकडे वळवून समजावलेत. मुलीची शीर बाहेरच्या अंगाने घोट्यापासून मांडीपर्यंत गेलेली होती. गर्भात असतानाच विरून जायची ती शीर तशीच राहून गेली होती आणि तिच्यात झडपा दिसतच नव्हत्या. आपण पोटरी दाबून सोडलीत की रक्त उलटे खाली येई, म्हणून पडद्यावरचा रंग पालटे आणि बराच वेळ तसाच रेंगाळे. पोटरीत हाताला लागणारा ज्वारीच्या दाण्याएवढा कठीण खडा म्हणजे साचलेल्या रक्ताची गुठळी चुना धरून टणक झालेली आहे, हेही तेव्हाच कळले.

पण खरा उपकार पुढचा आहे. आपण मांडीतली खोलवरची शीर शोधलीत आणि ती फार अरुंद निघाली. अशा पायात वरची बेढब शीरच रक्त वर नेण्याचा मुख्य मार्ग असू शकते आणि ती काढली तर सूज व दुखणे वाढण्याचा धोका असतो, हे सांगून आपण थांबला नाहीत. त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना फोन करून एमआरआय होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलायला लावलीत. डाग, सदोष शिरा आणि वाढलेला पाय या त्रयीला क्लिपेल-ट्रेनॉने सिंड्रोम म्हणतात आणि १९०० साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी तिचे वर्णन केले होते, हे आम्हाला प्रथम आपल्याकडून समजले.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. गरोदरपणी मी ग्रहण पाळले नाही म्हणून पोरीच्या पायावर डाग आला, हे मी तिच्या बारशापासून ऐकत आले आहे. गर्भ वाढत असताना काही मोजक्याच पेशींतल्या एका जनुकात झालेला हा बदल आहे, तो आईवडिलांकडून येत नाही आणि कोणाच्या वागण्याने होत नाही, असे आपण माझ्या सासूबाईंसमोर सांगितलेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण विषय मात्र त्यानंतर निघालेला नाही.

आता ती दिवसा दाब देणारा लांब मोजा घालते आणि उजव्या चपलेला टाच वाढवून घेतली आहे. दुखणाऱ्या भागात औषध टोचून शीर बंद करण्याचा विचार एमआरआय पाहूनच होईल. हा दोष समूळ जाणारा नाही, तो सांभाळायचा आहे, हे आपण स्पष्ट सांगितलेत ते बरे झाले. पाय अचानक सुजला किंवा दुखू लागला तर रक्ताच्या गुठळीची तपासणी लगेच करावी आणि पुढे सणावारी पाळी लांबवणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत, या आपल्या दोन्ही सूचना तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवल्या आहेत.

एमआरआयचा अहवाल हाती आला की आपल्याला दाखवायला घेऊन येऊ.

आपली कृतज्ञ,
एक आई