ॲसेट म्हणता, मग कर्जाचंही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पैशापाण्याच्या पानावर हल्ली ‘ॲसेट’ हा शब्द सारखा वाचायला मिळतो, प्लॉट ॲसेट, सोनं ॲसेट, गाडी ॲसेट. आमच्या यावल-चोपड्याकडची पोरंपण आता तेच बोलतात, शोरूममधून ट्रॅक्टर निघाला की हार घातलेला फोटो स्टेटसला आणि खाली ‘न्यू ॲसेट’, अन् हप्ते तर अजून सुरूपण झालेले नसतात. म्हणून हे पत्र, कारण हा शब्द मुळात कर्जाच्या हिशोबातनंच आलाय.

लॅटिनमधल्या ‘ॲड सॅटिस’चा अर्थ पुरेल इतकं. त्यावरनं जुन्या फ्रेंचमधला शब्द आला आणि तिथनं इंग्लंडच्या कोर्टात, कारण तिथे बरीच वर्षं फ्रेंच मिसळलेली भाषा चालायची. माणूस वारला की तिथे विचारायचे, याने मागे ठेवलंय त्यातनं याची देणी फिटतील का? फिटण्याइतकं असलं की त्याला ‘ॲसेट्स’ म्हणायचं. 16व्या शतकात हा इंग्रजीत रुळला. गंमत म्हणजे शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नव्हताच, लोकांना तसा वाटला, मग 19व्या शतकात तो काढून एकेरी ‘ॲसेट’ झाला. आपला ‘ऐवज’पण असाच, चोरीच्या बातमीत तुम्ही रोज छापता तो, मूळ अरबी, अर्थ बदला किंवा मोबदला, आणि ‘ऐवजी’ त्यातलाच.

आता बँकेचं बघा. आपण पीककर्ज घेतलं तर ते आपल्या डोक्यावरचं देणं, पण बँकेच्या ताळेबंदात तेच कर्ज ॲसेटच्या बाजूला बसतं, कारण ते तिचं येणं आहे. एनपीए, म्हणजे नॉन-परफॉर्मिंग ॲसेट, थकलेलं कर्ज, त्यातला ‘ए’ म्हणजे हाच ॲसेट. साध्या कर्जाचा हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं, कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला मात्र दोन हंगाम धरतात. ही सवलत आमच्याकडे कितीतरी कापूसवाल्यांना माहीतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बघून मला राग आला. आमच्या गावात एक शेतकरी वारला, सातबाऱ्यावर बोजा होता. तेरावं झालं नाही तर वसुलीवाले दारात, पोरगा पुण्याला कंपनीत कामाला, त्याला म्हणे तुझ्या पगारातनं भर. पोराने ना कुठे सही केलेली, ना तो जामीनदार. त्याची आई घाबरून गळ्यातली पोत मोडायला निघाली होती, तीपण तिची स्वतःची, माहेरची. कायदा काय सांगतो, तर दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 चं कलम 52, मयताच्या कर्जासाठी वारसाकडून वसुली करायची ती मयताची जी मालमत्ता त्याच्या हातात आली तेवढ्यापुरती. बोजा जमिनीवर आहे तो राहणारच, जमीन हवी तर कर्ज फेडावं लागणार, ते नाकारत नाही. पण पोराचा पगार आणि बाईची पोत हे त्या मयताचं नव्हे. पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे हिंदू मुलाचं धर्मकर्तव्य धरून कोर्टात दावा चालायचा, हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर नव्या कर्जांसाठी तोही रस्ता बंद झाला. म्हणजे इंग्लंडच्या त्या जुन्या कोर्टात जो प्रश्न विचारायचे, मागे काय ठेवलंय आणि ते पुरतंय का, तोच आज भुसावळच्या कोर्टातपण लागू आहे.

तेव्हा माझी विनंती अशी की गुंतवणुकीच्या लेखांसोबत एक मोठा लेख याच्यावर छापा, वारसाने काय द्यायचं आणि काय नाही, जामीनदाराचं काय, एनपीएला कोणत्या पिकाला किती मुदत, आणि तो केळी-कापसाच्या बाजारभावाशेजारी छापा, आमच्याकडे पेपर आला की आधी तेच पान उघडतात.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. यावल, जि. जळगाव