व्याख्यान नको, शाळेत माणूस द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 10 ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला, की शहरातील शाळांमधून व्याख्याने ठरतात. मुले सतरंजीवर बसतात, पाहुणे सकारात्मक विचारांचे महत्त्व सांगतात, आभारप्रदर्शन होते आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या, बऱ्याच अंशी तेलुगूभाषक वस्तीत, मी अनेक वर्षे शिकवले; अशा कार्यक्रमांचे सूत्रसंचालनही केले, त्यामुळे ही तक्रार काही अंशी स्वतःविरुद्धच आहे.

आपल्याकडे 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि 1996 पासून तो जिल्हा पातळीवर नेण्यास सुरुवात झाली. त्याचा भर प्रामुख्याने आजारी माणसाला शोधून त्याच्यापर्यंत उपचार पोहोचवण्यावर होता. ते काम आवश्यकच आहे आणि अजून पुरे झालेले नाही. परंतु 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 29 ने मानसिक आरोग्याचे संवर्धन आणि आजाराचा प्रतिबंध यांसाठी कार्यक्रम आखण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली आहे. आजार होण्यापूर्वीच काम करायचे, तर ते दवाखान्यात होणार नाही. एक तृतीयांश मानसिक विकार वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वीच सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; चौदाव्या वर्षी मूल आठवी-नववीच्या वर्गात असते.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी पहिल्याच तासाला पेंगत असे. ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा तिच्या वहीत लिहून मी पालकांची सही आणायला सांगितली. सही तेलुगूत आली, आणि ती तिनेच केलेली असावी. पुढे समजले ते असे, की आईच्या हजार विड्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून ही मुलगी रात्री उशिरापर्यंत पाने कापून देई आणि वळलेल्या विड्यांची तोंडे दुमडत बसे. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि पगाराच्या दिवशी शुद्धीत घरी येत नसत. तिच्या बोटांच्या टोकांवर तंबाखूचा पिवळट डाग होता, तो मी वर्षभर पाहत होते आणि शाईचा समजत होते. तिला ‘हसत राहा’ असे सांगणाऱ्या व्याख्यानाचा काय उपयोग झाला असता?

या संदर्भात गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमध्ये केलेला प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. काही शाळांत शिक्षकांकडे हे काम सोपवले, तर काही शाळांत डॉक्टर नसलेली, पण प्रशिक्षण दिलेली स्वतंत्र व्यक्ती नेमली. या व्यक्तीने परिपाठात विषय मांडले, भित्तिपत्रक चालवले, मुलांनी निनावी चिठ्ठ्या टाकाव्यात म्हणून पेटी ठेवली आणि ज्यांना हवे त्यांच्याशी एकेकट्याने बोलणे केले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जिथे स्वतंत्र व्यक्ती होती तिथे शाळेचे वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र फरक दिसला नाही. शिक्षिका म्हणून हे वाचताना वाईट वाटले, नवल मात्र वाटले नाही. खिचडीचा हिशेब, निवडणुकीचे काम आणि साठ वह्यांचा गठ्ठा सांभाळणाऱ्या माणसाकडे मूल मन मोकळे करत नाही. शिवाय गुण देणारा तोच असतो.

म्हणून महापालिका आणि खासगी शाळांच्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की व्याख्यानांवरचा खर्च आणि वेळ वाचवून निदान पूर्व भागातील काही शाळांत तरी अशी एकेक व्यक्ती पूर्णवेळ नेमावी. ती शक्यतो त्याच वस्तीतली असावी आणि तिला मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड बोलता यावे, कारण घरातले भांडण मूल घरच्याच भाषेत सांगते. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि तो प्रत्येक वर्गात लावायलाच हवा, परंतु आठवीतल्या कित्येक मुलींच्या हाती स्वतःचा फोन नसतो, हेही ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट, क्षुल्लक वाटेल तरी लिहिते. या व्यक्तीला बसायची जागा मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी देऊ नये. तिथे कोण गेले, हे मधल्या सुट्टीत साऱ्या शाळेला दिसते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर